जुना ट्रॅक्टर आणि उभी पऱ्हाटी
पोटाखालची मोकळी उंची वाढविताना घ्यावयाची दक्षता

हिंगणघाटचे नाव कापसामुळे दूरवर पोहोचले. एकोणिसाव्या शतकात वर्धा खोऱ्यातील लांब धाग्याचा देशी कापूस याच गावाच्या नावाने परदेशी बाजारात ओळखला जात असे. वेणा नदीच्या काठच्या या काळ्या जमिनीत आजही कापूस आणि तूर ही मुख्य पिकांपैकी होत. फरक पडला आहे तो मशागतीच्या साधनांत. पूर्वी पऱ्हाटीच्या दोन तासांमधून बैलांचा डवरा चाले. पीक कमरेएवढे झाले तरी बैल दोन ओळींमधून सांभाळून चालत. आता बैलजोड्या कमी झाल्या आहेत आणि त्यांची जागा ट्रॅक्टरने घेतली आहे. परंतु ट्रॅक्टर पिकाच्या बाजूने नव्हे, पिकाच्या डोक्यावरून जातो. पोळ्याच्या सुमारास पऱ्हाटी त्याच्या पोटाला लागू लागली, की त्याचे काम थांबते. नेमक्या त्याच वेळी तणाचा आणि किडींचा जोर असतो.

यापुढची कामे मनुष्याच्या अंगावर येतात. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर औषध फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले. डोक्याएवढ्या पिकात पाठीवर पंप घेऊन शिरणे किती धोक्याचे असते, हे त्या वर्षाने दाखवून दिले. म्हणून घरचा जुना ट्रॅक्टर थोडा उंच करता आला तर बरे, असा विचार शेतकऱ्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. हा विचार चुकीचा नाही. मात्र उंची वाढविणे म्हणजे केवळ मोठी चाके लावणे नव्हे. उंचीबरोबर तोल, ओढ, ब्रेक आणि सुकाणू या सर्वांचा हिशेब बदलतो. तो हिशेब आधी मांडावा आणि मगच कारखान्याची वाट धरावी.

आधी शेतातील मोजमाप

साधारण जुन्या ट्रॅक्टरच्या पोटाखाली ३० ते ४० सें.मी. मोकळी जागा असते. नेमकी उंची मोजण्यासाठी ट्रॅक्टर सपाट जमिनीवर उभा करावा व त्याचा सर्वांत खालचा भाग शोधावा. पुष्कळदा तो भाग इंजिन नसून पुढची आस, मागच्या आसेचे घर किंवा ओढपट्टी असतो. केवळ ओढपट्टीच खाली लोंबत असेल, तर मशागतीच्या दिवसांत ती काढून ठेवल्यानेही काही अंतर मिळते. त्यासाठी एक पैसाही लागत नाही.

त्यानंतर पिकाची परीक्षा घ्यावी. ट्रॅक्टरच्या पोटाएवढ्या उंचीवर एक बांबू आडवा धरून दोन माणसांनी ओळीवरून दहा मीटर चालावे. झाडे वाकून पुन्हा उभी राहिली आणि पात्या गळल्या नाहीत, तर ट्रॅक्टर आहे तसाच चालेल. कोवळी पऱ्हाटी बरीच वाकते. फळफांद्या भरल्यावर आणि बोंडे धरल्यावर ती वाकत नाही, मोडते. बांबू पाच पाच सें.मी. वर घेत हीच परीक्षा पुन्हा करावी, म्हणजे आपल्याला खरोखर किती उंची हवी ते कळते. दीड मीटर उंचीच्या पऱ्हाटीवरून जाईल असा ट्रॅक्टर घरगुती फेरफाराने होत नाही. तशी अपेक्षा ठेवू नये. २० ते २५ सें.मी. उंची वाढली तर मशागतीचे काही दिवस अधिक मिळतात. एवढाच या कामाचा लाभ आहे, आणि तोही लहान नाही.

तिसरे मोजमाप ओळींचे. कापूस ९० सें.मी. अंतरावर असेल, तर दोन चाकांच्या मध्यांतील अंतर १८० सें.मी. ठेवावे. म्हणजे ट्रॅक्टर दोन ओळींवरून जातो आणि प्रत्येक चाक दोन ओळींच्या बरोबर मधून चालते. टायर ३० सें.मी. रुंद असल्यास दोन्ही बाजूंना ३० सें.मी. जागा उरते. टायर २४ सें.मी. रुंदीचा घेतल्यास ती ३३ सें.मी. होते. ओळी १२० सें.मी. अंतरावर असतील, तर चाकांतील अंतर १२० सें.मी. ठेवून एकाच ओळीवरून जावे लागते. हे अरुंद अंतर तोलाच्या दृष्टीने अडचणीचे आहे. त्याचा विचार पुढे केला आहे.

पहिला मार्ग : उंच व अरुंद चाके

सर्वांत सोपा मार्ग चाकांचा. यात एक साधा नियम आहे. चाकाचा व्यास जितका वाढतो, त्याच्या निम्मी उंची वाढते. १२५ सें.मी. व्यासाऐवजी १३७ सें.मी. व्यासाचे चाक बसविले, तर पोट केवळ ६ सें.मी. वर जाते. त्याच वेळी प्रत्येक गिअरमधील चाल सुमारे शेकडा १० ने वाढते आणि ओढण्याची शक्ती जवळजवळ त्याच प्रमाणात घटते. डवरणी व फवारणी ही हलकी कामे असल्याने ही घट सोसते. नांगरणीस मात्र ती जाणवते. नवे चाक फेंडरला अथवा पायरीला घासत नाही ना, हे चाक हाताने फिरवून पाहावे. पुढची चाके न बदलता केवळ मागची बदलल्यास ट्रॅक्टर पुढे झुकतो, इंजिनातील तेलाची पातळी तिरपी होते आणि अवजाराचा कोनही बिघडतो. म्हणून मागे जितकी उंची वाढेल तितकीच पुढेही वाढविली पाहिजे.

दुसरा मार्ग : आस वर, चाक खाली

चाकांनी मिळते त्याहून अधिक उंची हवी असल्यास चाकाची आस मूळ आसेच्या खाली आणावी लागते. ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९२४ मध्ये ‘फार्मॉल’ हा ट्रॅक्टर बाजारात आणला. कापूस, मका यांसारख्या ओळींच्या पिकांत आंतरमशागत करता यावी, म्हणून त्याच्या मागील आसेच्या दोन्ही टोकांशी गिअरच्या पेट्या बसवून मधला भाग उंच उचललेला होता. याच कंपनीच्या घराण्यातील बी-२७५ हा ट्रॅक्टर महिंद्र समूहाने १९६० च्या दशकात भारतात बनविण्यास घेतला. तो मात्र सर्वसाधारण कामाचा ट्रॅक्टर होता. फार्मॉलची उंची मूळ आराखड्यातच धरलेली होती, ती मागाहून जोडलेली नव्हती, हे लक्षात ठेवावे.

जुन्या ट्रॅक्टरला अशी पेटी जोडताना तीन गोष्टी चुकतात.

पहिली गोष्ट दिशेची. एकावर एक असे दोनच गिअर बसविले तर वरचा ज्या दिशेने फिरतो त्याच्या उलट दिशेने खालचा फिरतो. परिणामी पुढचा गिअर टाकला की ट्रॅक्टर मागे चालू लागतो. त्यासाठी मध्ये तिसरा गिअर बसवावा लागतो. साखळी वापरल्यास दिशा बदलत नाही, म्हणून अनेक कारागीर साखळी पसंत करतात.

दुसरी गोष्ट साखळीवरील ताणाची. चाकाच्या कडेशी ५०० किलो ओढ असून चाकाची त्रिज्या ६२.५ सें.मी. व साखळीच्या दातेरी चक्राची त्रिज्या १२.५ सें.मी. असेल, तर साखळीवर पाचपट, म्हणजे २,५०० किलो ताण येतो. खड्ड्यात धक्का बसल्यास तो याहूनही वाढतो. म्हणून मळणीयंत्राची किंवा मोटारसायकलची साखळी येथे मुळीच चालत नाही. दोन अथवा तीन पदरी, जड आणि या ताणाच्या कित्येक पट भार सोसणारी साखळी हवी. ती बंद पेटीत तेलात बुडालेली असावी. काळ्या मातीचा चिखल उघड्या साखळीला एका हंगामात खाऊन टाकतो.

तिसरी गोष्ट ब्रेकची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांत ब्रेक चाकावर नसून आतील दांड्यावर असतो. नवी पेटी ब्रेक आणि चाक यांच्या मध्ये येते. साखळी तुटली तर त्या बाजूची केवळ ओढच जात नाही, ब्रेकही जातो. उतारावर याचा अर्थ काय होईल, ते निराळे सांगावयास नको. याशिवाय भार पडल्यावर ही पेटी आपल्या जागी फिरू पाहते. म्हणून ती केवळ चार बोल्टांवर न सोडता ट्रॅक्टरच्या सांगाड्याशी भक्कम आधाराने बांधावी.

पुढची बाजू

पुढे उंची वाढविण्यासाठी चाकाचा उभा खांब, म्हणजे किंगपिन, लांब करतात. जुना खांब कापून मध्ये तुकडा घालून वेल्डिंग करणे ही सर्वसामान्य पण घातक पद्धत आहे. हा खांब कठीण पोलादाचा असतो. सांध्याजवळ त्याला न दिसणाऱ्या भेगा जातात आणि एके दिवशी धुऱ्यावर चढताना तो तुटतो. खांब जितका लांब, तितका त्याच्या वरच्या टोकाशी वाकविणारा जोर अधिक. म्हणून नवा खांब अखंड पोलादातून आणि मूळ खांबापेक्षा जाड करून घ्यावा, व त्याच्या आवरणातील बुशही त्याच मापाचे करावेत. सुकाणूचे दांडे पूर्वी ज्या कोनात होते त्याच कोनात परत आणावेत. ते तिरपे राहिल्यास चाक उंचवट्यावर चढताना सुकाणू आपोआप वळतो.

तोलाचा हिशेब

उंच ट्रॅक्टर लवकर कलंडतो, हे सर्वांना ठाऊक असते. पण किती लवकर, हे गणिताने पाहावे. समजा, एखाद्या ट्रॅक्टरचा भारमध्य जमिनीपासून ७५ सें.मी. उंच आहे व चाकांतील अंतर १२० सें.मी. आहे. असा ट्रॅक्टर उभा असताना सुमारे ३९ अंशांच्या आडव्या उतारावर कलंडेल. त्याची उंची २५ सें.मी. वाढविली, तर तो ३१ अंशांवरच कलंडेल. परंतु त्याच वेळी चाकांतील अंतर १८० सें.मी. केले, तर ही मर्यादा ४२ अंशांपर्यंत जाते. तात्पर्य, उंचीसोबत रुंदी वाढविली तर तोल टिकतो. केवळ उंची वाढविली तर तो जातो. हे आकडे उभ्या ट्रॅक्टरचे आहेत. वेगात वळताना किंवा एक चाक खड्ड्यात गेल्यास तो याहून पुष्कळ कमी उतारावर उलटतो. म्हणूनच ज्याच्या ओळी १२० सें.मी. अंतराच्या आहेत, त्याने ट्रॅक्टर उंच करण्यापेक्षा बैलाचा डवरा भाड्याने घेणे शहाणपणाचे ठरेल. मागच्या टायरांत पाणी भरल्यास वजन खाली राहते व तोलास साह्य होते.

ओढपट्टीची उंचीही तितकीच महत्त्वाची आहे. ट्रॅक्टर उंच झाला की ओढपट्टी वर जाते. उंचावरून जड वस्तू ओढली की पुढची चाके उचलली जातात व ट्रॅक्टर मागे उलटतो. ओढपट्टी पूर्वीच्याच उंचीवर खाली आणावी. अवजार जोडण्याचे दांडेही वर जातात. त्यामुळे डवऱ्याचे दाते जमिनीपर्यंत पोहोचत नाहीत. दांडे ताणून लांब करण्याऐवजी अवजाराचे उभे खांब लांब करावेत. उंच केलेल्या ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून बाजारास जाऊ नये.

पहिली चाचणी आणि कायदा

काम झाल्यावर रिकाम्या सपाट शेतात, सर्वांत खालच्या गिअरमध्ये ट्रॅक्टर चालवावा. प्रथम ब्रेक, नंतर दोन्ही बाजूंची वळणे आणि शेवटी हलके अवजार, असा क्रम ठेवावा. तासाभराने सर्व बोल्ट पुन्हा आवळावेत, पेट्या हाताने चाचपाव्यात व तेल गळते का ते पाहावे. पोटाखालचे टोकदार बोल्ट व नळ्या गुळगुळीत पत्र्याने झाकाव्यात. चाकांपुढे फांद्या बाजूस सारणारे वाकवलेले पत्रे लावावेत. शेताच्या दोन्ही टोकांना वळण्यासाठी निदान ५ ते ६ मीटर जागा पेरणीच्या वेळीच मोकळी सोडावी. फवारणी करावयाची असल्यास फवारे मागे ठेवावेत, वारा अंगावर येत असता काम करू नये, आणि चालकाने तोंड, डोळे व हात झाकल्याशिवाय बसू नये. उंच आसनाने विषाचा धोका कमी होतो, संपत नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ अन्वये वाहनाच्या नोंदणीतील तपशिलाशी विसंगत असा फेरफार करता येत नाही. म्हणून काम हाती घेण्यापूर्वीच वर्धा येथील परिवहन कार्यालयात व विमा कंपनीकडे चौकशी करावी. अपघात झाल्यावर ही चौकशी निरुपयोगी ठरते.

ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

१. प्रथम बांबूने पीक मोजावे, नंतर ट्रॅक्टर.
२. मागे जितकी उंची वाढेल तितकीच पुढे वाढवावी.
३. उंची वाढेल तेव्हा चाकांतील अंतरही वाढवावे. ओळी अरुंद असल्यास हे काम करू नये.
४. किंगपिनला कधीही सांधा देऊ नये.
५. साखळी तुटल्यास ब्रेकही जातो, हे विसरू नये.
६. ओढपट्टी मूळ उंचीवर आणावी आणि ट्रॉली ओढू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे काम एकट्या शेतकऱ्यावर न सोपविता, आठ-दहा शेतकऱ्यांच्या गटाने एकच ट्रॅक्टर या कामासाठी राखून ठेवावा, असे सुचवावे. एक ट्रॅक्टर नीट व सुरक्षित उंच केला आणि त्याच्या मापाने गटातील सर्वांनी ओळींचे अंतर सारखे ठेवले, तर खर्च वाटला जातो आणि उंच ट्रॅक्टर रस्त्यावर नेण्याची गरजही उरत नाही. हा निर्णय मात्र मृगाच्या पेरणीपूर्वीच घ्यावा लागतो. पऱ्हाटी पोटाला लागल्यावर ओळी बदलता येत नाहीत.