डब्यावरचा आकडा आणि आतला खेळ



‘ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन आंद्रेआस’ हा व्हिडिओ गेम २००४ साली आला. अमेरिकेतील वर्गवारी मंडळाने त्यावर ‘१७ वर्षांवरील’ असा शिक्का मारला. २००५ मध्ये उघड झाले की डिस्कमध्येच एक लैंगिक प्रसंग दडलेला आहे. जुलैत शिक्का बदलून ‘फक्त प्रौढांसाठी’, म्हणजे १८ वर्षांवरील, असा झाला आणि मोठ्या दुकानांनी तो गेम विक्रीतून काढला.

यातून आपण दोन गोष्टी शिकू या. पहिली, परीक्षकांना जे दाखवले जाते त्यावरच आकडा ठरतो. म्हणून शिक्का उपयोगी असला तरी तो पालकांची जागा घेऊ शकत नाही. दुसरी, त्या खेळातले खून पहिल्यापासून उघड होते; पण त्यांच्यामुळे तो दुकानांतून हलला नाही. मानवी देह ही देवाची देणगी आहे. त्याचा बाजार मांडणे जसे अयोग्य, तसेच त्याच्या हत्येची करमणूक करणेही.

संत मार्कलिखित शुभवर्तमानाच्या ७व्या अध्यायात प्रभू येशू आपले लक्ष अंतःकरणाकडे वळवतो. या आठवड्यात मुलांशेजारी बसून त्यांचा खेळ पाहू या. रागावण्याआधी विचारू या, “बाळा, यात तुला काय आवडतं?”