अक्षरांमागचा सूर

भाषा प्रथम मुखाने बोलली गेली. लेखणी पुष्कळ उशिरा आली. म्हणूनच बोलण्यात शब्दांखेरीज दुसरेही बरेच काही असते. 'शहाणाच आहेस!' असे आई लेकराच्या पाठीवरून हात फिरवीत म्हणते, तेव्हा ते कौतुक असते. भांडणात तेच शब्द उच्चारले गेले, तर तो अपमान ठरतो. अक्षरे तीच, भेद केवळ सुराचा व मुद्रेचा. नुसत्या 'बरे' या शब्दाने संमती, कंटाळा आणि धमकी ही तिन्ही व्यक्त होऊ शकतात. लिहिताना मात्र शब्द एकटाच पुढे जातो. त्याचा सूर वाचणारा आपल्या मनातून भरतो, आणि मन आधीच साशंक असेल, तर तो कठोरच भरला जातो.

जुन्या पत्रलेखकांनी ही उणीव आपल्या परीने भरून काढली होती. मोडी पत्रांत आजच्यासारखी विरामचिन्हे नसत. ती मराठीत रूढ झाली १९व्या शतकात, मुख्यतः मेजर थॉमस कँडी यांच्या प्रयत्नांनी. परंतु पत्राचा भाव मायन्यातच बांधलेला असे. वडिलांस 'तीर्थरूप', धाकट्यास 'चिरंजीव', मान्यवरास 'राजमान्य राजश्री'. वडील आशीर्वाद लिहीत, धाकटे साष्टांग नमस्कार. मधला मजकूर पैशांच्या तगाद्याचा असला, तरी आरंभीच्या नमस्काराने आणि अखेरच्या 'लोभ असावा' या विनंतीने त्याची धार बोथट होई. आजच्या वाचकास हा निव्वळ फापटपसारा वाटतो. तो तसा नव्हता.

पुढे तार आली. तारेत शब्दागणिक पैसे पडत. साहजिकच मायना गळाला. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण तिचा तुटकपणा मोबाइलवरील संदेशांत उतरला आहे. येथे शब्दाला पैसे पडत नाहीत, ही गोष्ट निराळी!

ही अडचण केवळ मराठीची नव्हे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकावरून चालणाऱ्या चर्चेत थट्टा कोणती आणि खरे विधान कोणते, हे कळेनासे झाले, तेव्हा १९ सप्टेंबर १९८२ रोजी स्कॉट फालमन यांनी विरामचिन्हांतून हसरा चेहरा जुळवून तो थट्टेची खूण म्हणून सुचविला. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात असे दिसले, की आपला उपरोध वाचणाऱ्यास कळेलच, अशी लिहिणाऱ्यांची खात्री होती. प्रत्यक्षात वाचणाऱ्यांना तो निम्म्याहून थोड्याच अधिक वेळा ओळखता आला.

जेथे बोलीच अनेक आहेत, तेथे हा गुंता अधिक वाढतो. १९९८ साली धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी अहिराणी व गुजरी, नवापूरकडे मावची आणि सातपुड्यात भिली व पावरी ऐकू येते. अनेक मुलांना प्रमाण मराठी प्रथम भेटते ती शाळेतच. डोंगरातील कित्येक घरांत वडीलधाऱ्यांनाही 'तू' म्हणण्याची रीत आहे. प्रमाण मराठीतही आईला आणि देवाला 'तू'च म्हणतात. पण नाक मुरडणाऱ्यास ते आठवत नाही.

कल्पना करा, धडगावजवळच्या एका पाड्यावरील मुलाला वसतिगृहातील प्रवेशासाठी शाळेचा दाखला हवा आहे. मुदत चार दिवसांवर आली आहे. डोंगर चढून जेथे फोन लागतो, तेथून तो परजिल्ह्यातून नुकत्याच आलेल्या गुरुजींना लिहितो, 'सर, तू उद्या दाखला दे.' गुरुजींना हा उद्धटपणा वाटतो. ते उत्तर देत नाहीत. मुलगा दोन दिवस वाट पाहतो; गुरुजी रागावले आहेत एवढे त्याला उमगते, कशासाठी ते उमगत नाही, आणि पुन्हा विचारण्याचे धैर्य त्याला होत नाही. तिसऱ्या दिवशी गुरुजी पटनोंदणीच्या कामासाठी त्याच पाड्यावर जातात. मुलगा आपल्या आजोबांना पाणी देत असतो आणि त्यांना 'तू'च म्हणत असतो. आजोबा लगबगीने उठतात, खाटेवर घोंगडी पसरतात आणि हात जोडून गुरुजींना म्हणतात, "सर, तू बस."

दाखला दुसऱ्याच दिवशी तयार होतो. मुदतीचा तो शेवटचा दिवस असतो.