सूर्यप्रारणमापकाची निगा व दोषपरीक्षा

पिकास पाणी किती द्यावे, हे आता पुष्कळ ठिकाणी स्वयंचलित हवामान केंद्राच्या आकड्यांवरून ठरविले जाते. त्या हिशेबात उन्हाच्या शक्तीचा वाटा मोठा असतो. ती मोजण्याचे काम केंद्राच्या खांबावरील, काचेचा लहान घुमट असलेले प्रारणमापक यंत्र करते. घुमटाखालील काळा पृष्ठभाग उन्हाने तापतो व त्या प्रमाणात अत्यल्प विद्युत्‌दाब उत्पन्न होतो. यंत्रात हलणारा भाग नसल्याने त्याच्याकडे सहसा कोणी पाहात नाही, आणि चूक तेथेच होते.

घुमटावर धूळ बसली की वाचन हळूहळू उतरते. दिवसाचे प्रारण दर चौरस मीटरला २० मेगाजूल असताना यंत्राने एकदशांश कमी दाखविले, तर पाण्याचा हिशेब दिवसाला सुमारे ०.४ मिलिमीटरने, म्हणजे हेक्टरी ४,००० लिटरने तुटीचा येतो. मणी फुगण्याच्या वेळी द्राक्षबागेस ही तूट सोसत नाही.

घुमट आठवड्यातून एकदा, शक्यतो सूर्योदयापूर्वी, स्वच्छ पाण्याने व मऊ सुती फडक्याने पुसावा. विहिरीचे पाणी जड असल्यास पांढरे डाग राहतात. अशा ठिकाणी पावसाचे साठविलेले पाणी चांगले. पक्ष्यांची विष्ठा खरवडू नये, भिजवून काढावी. राख, माती वा धुण्याची पूड वापरल्यास काचेवर चरे पडतात व त्यांस उपाय नाही. द्राक्षबागांत बोर्डो मिश्रणाचे शिंतोडे हा नेहमीचा त्रास आहे. फवारणीपुरते यंत्रावर झाकण घालावे आणि फवारणी संपताच ते आठवणीने काढावे. भर दुपारी शून्य वाचन आल्यास प्रथम झाकणच पाहावे, तारा नंतर.

दोष शोधण्यास दोन वेळा उपयोगी पडतात. रात्री वाचन शून्य किंवा त्याहून किंचित खाली असावे. बरेच वर असल्यास जोडणीत ओल शिरली आहे असा संशय घ्यावा. निरभ्र मध्यान्ही महाराष्ट्रात उन्हाळ्यात दर चौरस मीटरला ९०० ते १,००० वॉट, डिसेंबरात ७०० च्या आसपास आकडा येतो. तुटक ढगांच्या वेळी क्षणभर याहून अधिक आला तरी तो दोष नव्हे. दिवसा ऋण आकडे आल्यास दोन तारांची अदलाबदल झालेली असते. वाचन मुळीच हलत नसेल, तर उंदरांनी तार कुरतडली आहे काय ते पाहावे.

निरभ्र दिवशी मध्यान्हापूर्वी व नंतर सारख्या अंतराने घेतलेली वाचने जवळजवळ जुळली पाहिजेत. मात्र मध्यान्ह घड्याळातील बारास होत नाही; नाशिकास ते सरासरीने ३५ मिनिटे उशिरा होते. वाचने जुळत नसतील, तर पाणसळीचा बुडबुडा मध्यभागी आहे की नाही ते पाहावे. बैलाचा धक्काही खांब कलण्यास पुरतो. एका ठराविक वेळीच आकडा पडत असल्यास झाडाची अथवा खांबाची सावली शोधावी.

ओल शोषणाऱ्या खड्यांचा रंग पालटताच ते बदलावेत. घुमट मात्र शेतावर उघडू नये. यंत्र दर दोन वर्षांनी प्रमाण यंत्राशी ताडून घ्यावे व मिळालेला नवा गुणांक नोंदणीयंत्रात त्याच दिवशी भरावा.