घानातली हार्ड डिस्क

चि. भाच्यास,

गिरणीच्या ऑफिसातले सहाही कॉम्प्युटर तू एका सर्व्हरखाली आणतोयस, हे ऐकून बरं वाटलं. आजवर सगळ्यांना मिळून एकच पासवर्ड, तोही मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठीवर. काट्यावरचा पोरगा नोकरी सोडून गेला तरी हिशेब त्याला उघडेच. आता ज्याचं त्याचं खातं वेगळं होईल आणि गेलेल्याचं एका जागेवरून बंद करता येईल.

पण सगळं एका जागी आलं की घावही तिथेच बसतो. ज्या भाई कोतवालांना आणि हिराजी पाटलांना आपण दर २ जानेवारीला सिद्धगडावर मानवंदना देतो, त्यांच्या ‘आझाद दस्ता’ या क्रांतिकारी गटाने १९४२ मध्ये नेमकं हेच हेरलं होतं. विजेचे मनोरे पाडले इकडच्या डोंगरात, वीज तुटली मुंबईकडची.

आपल्या जवळचाच दुसरा दाखला न्हावाशेवा बंदराचा. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या व्हायरसने मेर्स्क या जहाज कंपनीला गाठलं आणि तिच्या समूहाचं तिथलं टर्मिनल ठप्प झालं. हा व्हायरस युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला. कुठल्या मशीनवर अ‍ॅडमिनने लॉगिन केलेलं असलं, की मेमरीतून त्याचा पासवर्ड उचलायचा आणि त्याच किल्लीने पुढची मशीनं उघडायची. मेर्स्कचे जवळपास दीडशे डोमेन कंट्रोलर, म्हणजे कोणाला आत घ्यायचं ते ठरवणारे सर्व्हर, एकमेकांची नक्कल ठेवत होते. सगळे जोडलेले, म्हणून सगळेच पुसले गेले. वाचला फक्त घानातला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती! त्याची हार्ड डिस्क एका माणसाने नायजेरियात नेऊन दुसऱ्याच्या हाती दिली, तिथून ती इंग्लंडला पोचली. त्या डिस्कच्या आधारावर कंपनीचं नेटवर्क पुन्हा उभं राहिलं.

तेव्हा दर शनिवारी बॅकअप घे, वायर काढ आणि डिस्क ताईच्या लोखंडी कपाटात ठेव. महिन्यातून एकदा तिच्यातून मागच्या हंगामाचं भातखरेदीचं रजिस्टर परत काढून, उघडून बघ. अ‍ॅडमिनच्या खात्याने बिलाच्या मशीनवर कधीही बसू नकोस. रोजच्या कामाला तुलाही साधंच खातं. सीसीटीव्ही आणि गिऱ्हाइकांचा वायफाय वेगळ्या नेटवर्कवर असू दे.

आणखी एक. विंडोजची ‘होम’ आवृत्ती डोमेनला, म्हणजे अशा एका सर्व्हरखालच्या नेटवर्कला, जोडता येत नाही, ‘प्रो’ लागते. कोटेशनमध्ये तेवढं तपास आणि सही करण्याआधी त्याचा फोटो पाठव.

तुझा,
मामा