सुरक्षा समन्वयक : अप्पमादाचा पेशा

बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये धनबादच्या कोळसा खाणींच्या पाहणीस गेले असता ते स्वतः खाणीत उतरले. कामगारांची राहण्याची जागाही त्यांनी पाहिली. कामगाराची स्थिती कागदावर नव्हे, कामाच्या जागी जाऊन समजून घ्यावी, हा त्यातील धडा आहे. सुरक्षा समन्वयकाच्या कामाचा पायाही हाच.

आज समाजातील तरुण औद्योगिक सुरक्षेची पदविका घेऊन धरणे, बोगदे व महामार्गांच्या कामांवर जात आहेत. ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या बांधकामावर सुरक्षा समिती व सुरक्षा अधिकारी असावा, ही तरतूद १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा व्यावसायिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली. तीत बांधकामासाठी सुरक्षा अधिकाऱ्याची मर्यादा २५० आहे.

शहरातील कामावर अपघात झाला तर इस्पितळ जवळ असते. डोंगरातल्या कामावर पहिला तास आपल्यालाच निभवावा लागतो. १२ नोव्हेंबर २०२३ रोजी उत्तरकाशीजवळच्या सिलक्यारा बोगद्यात दरड कोसळून ४१ कामगार अडकले. आत आधीच टाकलेल्या एका अरुंद नळीतून त्यांना प्रथम हवा व खाणे पोचले. सतराव्या दिवशी सर्वजण सुखरूप बाहेर आले. मात्र त्याच वर्षी १ ऑगस्टच्या पहाटे शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसविण्याचे यंत्र कोसळले, तेव्हा २० जणांना वाचण्याची संधीच मिळाली नाही. म्हणून तयारी अपघाताआधीच हवी.

विद्यार्थ्यांनी पुढील गोष्टी ध्यानी घ्याव्यात :

१) बोगद्यात वा खोल खड्ड्यात गेलेल्या प्रत्येकाचे नाव बाहेरच्या वहीत असावे. पाळी संपली की माणसे मोजावीत.

२) सेफ्टी बेल्टमुळे पडणारा माणूस वाचतो, पण तो बराच वेळ लटकत राहिला तर पायांत रक्त साकळून जीव धोक्यात येतो. त्याला खाली कसे घ्यायचे, हे परांचीवर चढण्यापूर्वीच ठरवावे.

३) टाकीत किंवा गटारात कोणी बेशुद्ध पडला तर तसेच आत उडी घेऊ नये. विषारी वायूने वाचवणाराही दगावतो. आत जाण्यापूर्वी हवा तपासावी.

४) सर्पदंशावरील लस जवळ कोठे मिळते, रात्री गाडी कोण चालवील, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवावे.

५) सकाळच्या सूचना मजुरांच्या भाषेत द्याव्यात आणि त्यांच्याकडून वदवून घ्याव्यात. नुसती मान डोलावणे म्हणजे समजणे नव्हे.

या सर्वांहून अवघड बाब सहीची आहे. काम मागे पडले की ठेकेदाराचा माणूस वर्क परमिट घेऊन येतो व म्हणतो, "सही करा, मग बघू." तरुण नवा असतो, नोकरी कंत्राटी असते, घरी पैसे पाठवायचे असतात. ही अडचण आम्ही जाणतो. तरीही न पाहता केलेली सही ही दुसऱ्याच्या जिवाची हमी असते. अशा वेळी वाद न घालता जागेवर जावे, दोष दिसल्यास काम थांबवावे, आणि कारण, तारीख व वेळ लिहून वरिष्ठांना कळवावे. लेखी नोंद मजुराचे रक्षण करते, तशीच आपलेही.

तथागतांनी अखेरच्या उपदेशात अप्पमादाचा, म्हणजे सतत सावध राहण्याचा, मार्ग सांगितला. सम्यक आजीविका ही केवळ निर्दोष कमाई नाही. आपल्या कामामुळे दुसऱ्याचे दुःख टळावे, हाही तिचा अर्थ आम्ही मानतो. परांचीवरचा मजूर बहुधा आपल्यासारख्याच एखाद्या वस्तीतून आलेला असतो. तो संध्याकाळी धडधाकट खाली उतरला, तर आपल्या शिक्षणाचे चीज झाले.

जयभीम!