प्रोग्रॅममधील विभक्ती

फंक्शनला द्यावयाच्या किमती नुसत्या क्रमाने लिहाव्यात, की प्रत्येक किमतीबरोबर तिचे नावही लिहावे? नावांमुळे प्रोग्रॅम वाचावयास खरोखर सोपा होतो काय? माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर आपल्या व्याकरणातच आहे.

मी मध्यप्रदेशातील पांढुर्णा-सौंसर या संत्र्यांच्या पट्ट्यातील. आमच्याकडे ‘संत्री सौंसरहून पांढुर्ण्याला गेली’ म्हणा किंवा ‘पांढुर्ण्याला संत्री सौंसरहून गेली’ म्हणा, अर्थ तोच. कोठून व कोठे, हे ‘हून’ आणि ‘ला’ हे प्रत्यय सांगतात. कन्नडमध्ये ‘इंद’ आणि ‘गे’ हेच काम करतात. परंतु पाठवा(सौंसर, पांढुर्णा) असे लिहिले, की वाचणाऱ्यास क्रम पाठ असावा लागतो. पाठवा(कोठून=सौंसर, कोठे=पांढुर्णा) असे लिहिले, म्हणजे जणू प्रत्यय लागला.

क्रमातील चूक किती छुपी राहते पाहा. व्याज(५००००, ७, ५) यात दर कोणता आणि वर्षे कोणती? सरळव्याजात त्यांची अदलाबदल झाली तरी उत्तर १७,५०० रुपयेच येते. त्यामुळे चाचणीतही दोष सापडत नाही. पुढे तेच फंक्शन चक्रवाढीचे केले, तर ७ टक्क्यांनी ५ वर्षांचे व्याज २०,१२७.५९ रुपये होते आणि ५ टक्क्यांनी ७ वर्षांचे २०,३५५.०२ रुपये. संगणक तक्रार करीत नाही; त्याच्या लेखी दोन्ही संख्याच. व्याज(मुद्दल=५००००, दर=७, वर्षे=५) असे लिहिल्यास मात्र ही शंकाच उरत नाही.

ही सोय १९८३ च्या प्रमाणित आडा भाषेत होती. पायथनमध्ये ती आहे. सी-शार्पमध्ये २०१० साली व पीएचपीमध्ये २०२० साली आली. सी आणि जावा यांत नाही.

मग सर्वत्र नावे लिहावीत काय? येथेही मराठीचाच दाखला घेऊ. ‘मांजराने उंदराला पकडले’ यात दोघेही सजीव, म्हणून ‘ला’ हवा. ‘मुलाने संत्रे खाल्ले’ यात संत्र्यास प्रत्यय नाही. संत्रे मुलास खाईल अशी भीती कोणास वाटणार? तसेच वर्गमूळ(४९) यात नाव घालणे म्हणजे वाचकावर नुसता भार. शिवाय नाव अर्थपूर्ण हवे. ‘क’ आणि ‘ख’ यांनी काही साधत नाही. आणि ते आधीच विचारपूर्वक ठेवावे, कारण मागाहून बदलले, तर त्या नावाने फंक्शन वापरणारे सर्व प्रोग्रॅम अडतात.

तेव्हा विद्यार्थीमित्रांनो, नियम सोपा आहे : जेथे दोन किमतींची अदलाबदल होऊनही कोणाच्या लक्षात येणार नाही, तेथे नाव लिहावे; इतरत्र क्रम पुरे.