खेळ आणि खोका

लुडो, सापशिडी, बुद्धिबळ हे पटावरचे खेळ तुम्ही खेळला असाल. पूर्वी आपल्याकडे पचिसी खेळत. तिचा पट कापडाचा असे. डाव संपला की पट गुंडाळायचा आणि सोंगट्या-कवड्यांसह पिशवीत ठेवायचा. तिला खोका लागत नसे.

खेळ दुकानात विकायला आले आणि खोक्याला महत्त्व आले. गिऱ्हाइकाला आतला खेळ दिसत नाही. दिसतो तो खोका. मोठा खोका लांबूनच नजरेत भरतो. त्यावर मोठे चित्र छापता येते. 'खोका मोठा, म्हणजे आत सामानही पुष्कळ असेल' असे गिऱ्हाइकाला वाटते. भेट द्यायची असली, तर मोठा खोका अधिक शोभून दिसतो.

'कटान' या खेळाचेच उदाहरण पाहा. क्लाउस टॉइबर यांचा हा खेळ १९९५ साली जर्मनीत निघाला. त्यात १९ षटकोनी तुकडे जोडून एक बेट तयार करतात. हे तुकडे एकावर एक रचले, तर थोड्या जागेत मावतात. तरीही हा खेळ सुमारे ३० सेंटिमीटर लांब-रुंद अशा चौकोनी खोक्यात विकला गेला. जर्मनीतील इतर अनेक मोठ्या खेळांचे खोकेही याच मापाचे असतात. त्यामुळे ते फळीवर पुस्तकांसारखे ओळीने उभे राहतात.

पण मोठ्या खोक्याचा खर्चही मोठा असतो. ९० सेंटिमीटरच्या फळीवर ३० सेंटिमीटर रुंदीचे तीनच खोके दर्शनी मांडता येतात. १५ सेंटिमीटरचे सहा मांडता येतात. खेळ कुरिअरने पाठवताना अनेक कंपन्या लांबी, रुंदी व उंची यांचा गुणाकार करून त्याला ५००० ने भागतात. ३० × ३० × ७ सेंटिमीटरच्या खोक्याचे असे वजन १.२६ किलो होते. खेळाचे खरे वजन ८०० ग्रॅम असले, तरी भाडे १.२६ किलोचे पडते. म्हणजे आतल्या रिकाम्या जागेचेही पैसे जातात! शेवटी हा खर्च गिऱ्हाइकाच्याच माथी येतो.

आता पुष्कळ लोक फोनवरून खरेदी करतात. फोनच्या पडद्यावर लहानमोठे खोके सारखेच दिसतात. तेथे मोठ्या खोक्याचा रुबाब चालत नाही. भाडे मात्र चुकत नाही.

म्हणून मुलांनो, साठवलेल्या पैशांतून खेळ घेताना नुसत्या आकारावर जाऊ नका. भारतात २०११ च्या नियमांप्रमाणे वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, मालाचे माप किंवा नगसंख्या आणि कमाल किरकोळ किंमत छापावी लागते. ते वाचा. आत काय काय आहे आणि किती जणांना खेळता येईल, हे दुकानदाराला विचारा. खोका एकदाच उघडायचा असतो. खेळ मात्र वर्षानुवर्षे खेळायचा असतो.

स्वाध्याय

१. पचिसीला खोका का लागत नसे?
२. मोठ्या खोक्याचे दोन फायदे व दोन तोटे लिहा.
३. २५ × २० × ५ सेंटिमीटरच्या खोक्याचे कुरिअरच्या हिशेबाने वजन किती होईल?
४. घरातील एखाद्या वस्तूच्या वेष्टनावरील माहिती वाचून वहीत लिहा.